श्रवणयंत्र लावलं की तंबोरा विरतो, बासरी थरथरते: घरी काय तपासावं, ऑडिओलॉजिस्टकडून काय बदलून घ्यावं

तक्रार साधारण अशी असते. यंत्र लावल्यापासून घरातलं बोलणं नीट कळतं, टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जात नाही, फोनसुद्धा जमतो. गाणं लावलं की मात्र काहीतरी चुकतं. तंबोरा सुरू होतो आणि थोड्याच वेळात मागे मागे जात विरून जातो. बासरीचा लांब सूर मध्येच थरथरतो. पेटीची एकच पट्टी दाबून धरली तरी दोन सूर वाजल्याचा भास होतो. तबल्याची जोरकस थाप फाटते. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन "गाणं बरोबर वाटत नाही" असं सांगितलं जातं, तिथे आवाज थोडा कमी-जास्त करून मिळतो, आणि काही दिवसांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

मी दोन्ही कानांना यंत्रं लावतो, ख्याल ऐकतो आणि भजनी मंडळात पेटी वाजवतो. "गाणं बरोबर वाटत नाही" एवढ्यावरून समोरच्या माणसाला काहीही दुरुस्त करता येत नाही, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. वरच्या प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा आहे. कोणतं लक्षण आपलं, हे घरबसल्या ओळखता येतं. ते ओळखलं की कोणती सोय बंद करायची आणि आवाजाचा कोणता पट्टा (खालचे सूर की वरचे) वाढवायचा, हे नेमकं मागता येतं. गाणं सोडून द्यायची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांना फक्त गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम, म्हणजे यंत्रात साठवलेली सेटिंगची वेगळी जुळणी हवी असते, आणि ती नीट बसवलेली हवी असते.

यंत्राला गाणं का कळत नाही

श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनलेलं असतं. समोरासमोरचं बोलणं ६० ते ६५ डेसिबलच्या आसपास असतं. कोणी ओरडून बोललं तरी ८५ च्या फार वर जात नाही. गाण्याची मर्यादा याहून कितीतरी मोठी आहे. आलापातला हळुवार षड्ज कुजबुजीइतका असतो आणि सतारीवरचा झाला किंवा भजनाचा गजर १०० डेसिबलला टेकतो. आवाजाची टोकंही वेगळी असतात. बोलण्यात सरासरीपेक्षा टोक साधारण १२ डेसिबलनं वर जातं, संगीतात १८ पर्यंत. म्हणजे सरासरी ८० डेसिबलचं वादन असेल तर थापेचं टोक ९८ ला पोचतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट वाढीची, म्हणजे यंत्र कोणता आवाज किती मोठा करून देतं याची. बोलणं समजण्यासाठी साधारण १००० ते ४००० हर्ट्झ हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण स, श, त, क ही व्यंजनं तिथे ओळखू येतात. म्हणून यंत्र बसवताना वापरली जाणारी सूत्रं तो भाग उचलून देतात आणि खालचा भाग फारसा वाढवत नाहीत. गाण्याचा पाया मात्र खाली असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास. काळी पाचमध्ये गाणारी गायिका तार पंचमाला पोचली तरी तिचा मूळ सूर ७०० हर्ट्झच्याच आसपास असतो. वयोमानानं येणाऱ्या बहिरेपणात आधी वरचा भाग जातो. त्यामुळे पुष्कळ जणांच्या कानात चीज अजून पुरती शाबूत असते. हरवलेली असते ती तंबोऱ्याची जवारी, टाळांची किणकिण, बोलांमधली व्यंजनं. हे समजून घेतलं की निम्मी निराशा कमी होते.

आधी साध्या गोष्टी

आवाज एकाएकी दबका झाला असेल, तर सेटिंगच्या मागे लागण्याआधी कानातला मळ बघा. रिसिव्हरच्या, म्हणजे कानात आवाज सोडणाऱ्या छोट्या स्पीकरच्या तोंडाशी एक छोटी पांढरी जाळी असते, तिला वॅक्स गार्ड म्हणतात. ती मळानं भरली की सर्वांत आधी वरचे सूर जातात. जाळी बदला. कानात मळाचा खडा असेल तर कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी घालू नका.

माइकच्या बारीक छिद्रांवर घामाचा, पावडरचा किंवा केसांच्या तेलाचा थर बसतो. कोरड्या मऊ ब्रशनं तो झाडा. कोकण-गोव्यात आणि मुंबईत पावसाळाभर यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवणं अत्यावश्यक आहे. दाणे रंग बदलतात, तेव्हा ते वाळवा किंवा बदला.

बॅटरी उतरत आली की बोलणं ठीक चालतं, पण जोरकस जागी आवाज तुटतो, कारण मोठ्या आवाजाला यंत्र जास्त करंट ओढतं. कार्यक्रमाला जाताना नवी बॅटरी घाला. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते, म्हणून स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तशीच ठेवून मग बसवा.

एवढं करून गाणं सुधारलं तर उत्तम. नाही सुधारलं तर पुढे चला.

तंबोऱ्याची चाचणी

फोनवर तंबोऱ्याचं ॲप घ्या, ते जमल्यास चांगल्या स्पीकरवर लावा. आवाज नेहमीच्या बोलण्याइतका ठेवा आणि यंत्र रोजच्या प्रोग्रामवर ठेवून शांत बसा. पहिली काही सेकंदं तंबोरा भरून ऐकू आला आणि मग ओसरत गेला, तर आवाज कमी करणारी सोय चालू आहे. तिला नॉइज रिडक्शन म्हणतात.

तिचं काम कसं चालतं ते बघा. बोलताना आवाज सेकंदाला साधारण चार-पाच वेळा वर-खाली होतो, कारण तेवढी अक्षरं आपण उच्चारतो. यंत्र हा चढउतार शोधतं. चढउतार दिसला की ते बोलणं मानतं, आणि एकसारखा टिकून राहणारा आवाज दिसला की गोंगाट मानून तो दाबतं. पंख्याची घरघर दाबायला हे उत्तम आहे. पण तंबोऱ्याची अखंड धून, पेटीचा धरलेला सूर, सारंगीची लांबलचक मींड, विलंबितातला ठेहराव हे सगळं यंत्राच्या हिशेबात पंख्याच्या बाजूला पडतं. ज्या संगीताचा सगळा जीव टिकलेल्या सुरात आहे, त्यालाच ही सोय सर्वांत जास्त मारते. पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्यापेक्षा ख्याल-धृपद ऐकणाऱ्याला हा त्रास अधिक जाणवतो तो यामुळे.

यंत्राच्या ॲपमधला "संगीत" किंवा "म्युझिक" प्रोग्राम निवडून हीच चाचणी पुन्हा करा. तंबोरा तरीही ओसरत असेल तर त्या प्रोग्राममध्ये नॉइज रिडक्शन पूर्ण बंद केलेलं नाही. असं पुष्कळदा आढळतं. नाव म्युझिक असतं, आतलं सेटिंग अर्धंमुर्धं असतं. ऑडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगा की या प्रोग्राममध्ये ते शून्यावर हवं.

आणखी एक गोष्ट जोडीला येते. नवी यंत्रं आजूबाजूचा आवाज ओळखून आपोआप प्रोग्राम बदलतात. मैफलीत निवेदक बोलतो, टाळ्या होतात, शेजारी दाद देतो, आणि त्या प्रत्येक वेळी यंत्र आपला पवित्रा बदलतं. ख्याल चालू असताना मधेच आवाजाचा रंग पालटतो तो यामुळे. म्हणून गाण्याचा प्रोग्राम हातानं निवडायचा आणि निवडला की तिथेच टिकणारा असावा.

सूर थरथरतो, किंवा संपल्यावरही शेपूट राहतं

ही सर्वांत त्रासदायक तक्रार. चाचणीसाठी बासरीचं एकट्याचं ध्वनिमुद्रण घ्या, किंवा घरात कोणाला तरी एकाच सुरात शिट्टी वाजवायला सांगा. सूर डगमगला, त्यात मधूनच चिवचिव आली किंवा सूर थांबल्यावर क्षणभर त्याचीच पुसट नक्कल ऐकू आली, तर दोष शिट्टी रोखणाऱ्या सोयीचा आहे.

कानातून निसटलेला आवाज परत माइकमध्ये शिरला की यंत्र शिट्टी मारतं. ती थांबवण्यासाठी यंत्र त्या शिट्टीच्या बरोबर उलटी लहर तयार करून दोन्ही एकमेकींत विरवतं. अडचण अशी की शिट्टी म्हणजे एकच शुद्ध, टिकलेला सूर, आणि बासरी म्हणजेही जवळपास तेच. यंत्र बासरीला आपलीच शिट्टी समजून पुसायला जातं. बासरी थांबते तेव्हा पुसण्यासाठी तयार केलेली लहर क्षणभर एकटीच उरते, आणि तेच शेपूट आपल्याला ऐकू येतं. काही यंत्रं याच कामासाठी वरच्या पट्ट्यातले सूर काही हर्ट्झनं सरकवतात. डोम (कानात बसणारी मऊ टोपी) उघडा, म्हणजे भोकांचा असेल तर मूळ सूर बाहेरून थेट आणि सरकलेला सूर यंत्रातून, असे दोन्ही एकदम कानावर पडतात. तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की जी लहर येते, तीच इथेही येते. ज्यांनी स्वतः तंबोरा लावला आहे त्यांना ती लगेच ओळखू येईल.

ही सोय गाण्याच्या प्रोग्राममध्ये बंद करता येते किंवा अगदी सौम्य करता येते. बंद केल्यावर शिट्टी येण्याची भीती असते, पण ती प्रत्यक्षात कमी असते, कारण गाणं आधीच बोलण्यापेक्षा मोठं असतं आणि त्याला यंत्राकडून वाढ कमी लागते. तरीही शिट्टी आलीच, तर डोम एका मापानं मोठा घेऊन किंवा कानाच्या मापाचा मोल्ड करून घेऊन ती थांबवावी. फिटिंग सैल ठेवून सगळा भार या सोयीवर टाकणं मला पटत नाही. गाणं ऐकणाऱ्या माणसासाठी आधी फिटिंग घट्ट झालं पाहिजे.

सगळंच बेसूर लागतं

गायक सुरात आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तरी वरच्या जागा चढलेल्या किंवा पडलेल्या वाटतात. इथे शक्यता दोन.

पहिली यंत्राची. ज्यांना वरच्या कंप्रता, म्हणजे अगदी उंच सूर मुळीच ऐकू येत नाहीत, त्यांच्यासाठी काही यंत्रं त्या खाली ओढून ऐकू येणाऱ्या भागात बसवतात. याला फ्रिक्वेन्सी लोअरिंग म्हणतात. "स" आणि "श" ओळखायला त्याचा खरा उपयोग होतो. संगीतात मात्र मूळ सूर आणि त्याचे स्वयंभू (त्याच्यासोबत आपोआप उमटणारे वरचे) स्वर यांचं गणित पक्कं असतं, त्यातले वरचे स्वर हलवले की सगळी बांधणीच विस्कटते. गाण्याच्या प्रोग्राममध्ये ही सोय बंदच हवी, त्यात तडजोड नको.

दुसरी शक्यता कानाची. यंत्रं काढा, पेटीचा एक सूर धरून ठेवा आणि आधी एक कान, मग दुसरा कान बोटानं बंद करून ऐका. तोच सूर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीचा वाटला, तर तो अंतर्कर्णाचा दोष आहे आणि कोणतंही सेटिंग तो काढणार नाही. अशा वेळी ज्या कानाला सूर खरा लागतो त्या कानाला गाण्याच्या प्रोग्राममध्ये पुढे ठेवून दुसऱ्याचा आवाज थोडा कमी करून घेणं पुष्कळांना मानवतं. अंतर्कर्णाच्या एखाद्या भागातल्या पेशी पूर्ण गेल्या असतील, तर त्या भागातले सूर कितीही वाढवले तरी खरखर म्हणूनच ऐकू येतात. तिथे वाढ देण्यापेक्षा ती कमी केल्यानं गाणं स्वच्छ होतं. हे ऑडिओलॉजिस्टशी बोलून, करून बघून ठरवायचं.

जोरात वाजलं की फाटतं

इथे एक साधी चाचणी सगळा उलगडा करते. जिथे आवाज फाटतो ती जागा पुन्हा लावा आणि यंत्राचा आवाज कमी करा. फाटणं थांबलं तर यंत्र बाहेर सोडत असलेला आवाज जास्त आहे, तो कमी करून घेता येईल. आवाज लहान झाला पण फाटका तो फाटकाच राहिला, तर बिघाड आवाज आत शिरतानाच झालेला आहे.

पुष्कळ डिजिटल यंत्रांत माइकनंतरचा आवाज आकड्यांत बदलणारा भाग ९५ डेसिबलच्या आसपासच्या वरचं काही घेऊच शकत नाही. त्याच्या वरचं टोक तिथेच छाटलं जातं. वर सांगितलेलं ९८ चं गणित आठवा. साधं, सुखद वादनसुद्धा थापेथापेला ही मर्यादा ओलांडतं. एकदा छाटलेला आवाज पुढच्या कोणत्याही सेटिंगनं परत जोडता येत नाही. म्युझिक प्रोग्राम कितीही छान केला तरी इथे उपयोग होत नाही, आणि लोक नेमके इथेच वर्षानुवर्षं अडकून राहतात. अलीकडच्या काही यंत्रांची ही मर्यादा ११० डेसिबलच्या पुढे नेलेली आहे. नवं यंत्र घेताना गाणं तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल, तर आवाज आत घेण्याची कमाल मर्यादा किती, हा पहिला प्रश्न विचारा. चॅनलची संख्या आणि इतर झगमगाट नंतर.

जुनंच यंत्र असेल तर आवाज माइकपर्यंत पोचण्याआधीच कमी करायचा. घरी स्पीकरचा आवाज खाली आणा आणि यंत्राचा वर न्या. मनाला हे उलटं वाटतं, पण छाटणी थांबते. मैफलीत गायकाला आवाज कमी करायला सांगता येत नाही. तिथे संगीतकारांच्या कानांवर अनेक वर्षं काम केलेले कॅनडातले ऑडिओलॉजिस्ट मार्शल चेसिन यांनी सुचवलेली एक युक्ती आहे: यंत्राच्या दोन्ही माइकवर साध्या पारदर्शक चिकटपट्टीचे तीन-चार थर लावायचे. आत जाणारा आवाज साधारण १० डेसिबलनं कमी होतो. मी ती भजनाच्या वेळी वापरतो आणि माझ्या पेटीच्या खालच्या सप्तकाला त्यानं पुन्हा अंग आलं. कार्यक्रम संपल्यावर पट्टी काढा, चिकट डाग राहू देऊ नका, आणि कानात जाणाऱ्या तोंडाला पट्टी लावू नका.

भजनी मंडळवाल्यांसाठी वेगळं सांगतो. टाळ हे यंत्र लावणाऱ्यासाठी सर्वांत कठीण वाद्य. आवाज तीक्ष्ण, वरच्या पट्ट्यातला, अचानक, आणि कानापासून हातभर अंतरावर. यंत्र नेमका तोच पट्टा वाढवतं. टाळकऱ्यांच्या ओळीपासून दूर, पखवाजाच्या पलीकडे बसा. गजराला यंत्र काढून ठेवलं तरी चालेल. तो आवाज मुळातच इतका मोठा असतो की सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्याला तो यंत्राशिवाय पोचतो, आणि बहुधा अधिक शुद्ध पोचतो. ढोल-ताशा पथकासमोर तर यंत्र काढाच आणि वर इअरप्लग घाला. कामाच्या जागांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका निकषानुसार ८५ डेसिबल आठ तास सोसता येतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. उरलेलं ऐकणं जपायचं असेल तर हा हिशेब विसरू नका.

आवाज फुगतो आणि दबतो

तबल्याची थाप पडली की गायकाचा आवाज क्षणभर खाली जातो आणि पुन्हा वर येतो, असं होत असेल तर कॉम्प्रेशन फार चपळ आहे. हळू आवाज जास्त वाढवायचा आणि मोठा कमी, हे यंत्राचं नेहमीचं काम. ते झटपट केलं की बोलण्यात प्रत्येक अक्षर उचलून मिळतं, पण गाण्यातली चढण-उतरण सपाट होते. आलापातला सूर हलकेच फुलवत नेलेला असतो आणि आपल्याला तो सुरुवातीपासून एकाच जाडीचा ऐकू येतो. गाण्यासाठी कॉम्प्रेशन मंद आणि कमी प्रमाणाचं मागा.

डग्ग्याचा घुमारा आणि ब्लूटूथ

फोनवरून थेट यंत्रात गाणं सोडलं की माइकची छाटणी टळते, ही मोठी सोय. पण तक्रार येते की गाणं किरटं आहे, डग्गा नाहीच, तंबोऱ्याचा खर्ज नाही. कारण डोममध्ये आहे. उघड्या डोमला भोकं असतात, त्यांतून खालचे सूर निसटून जातात. समोर प्रत्यक्ष गाणं चालू असताना त्याच भोकांतून खालचे सूर बाहेरून आत येतात, म्हणून तिथे उणीव भासत नाही. फोनवरून ऐकताना बाहेर काहीच नसतं. गाण्यासाठी बंद डोमचा एक जोड जवळ ठेवा, ऑडिओलॉजिस्ट बसवायला शिकवतील. डोम बदलला की यंत्रातली नोंदही बदलून घ्यावी लागते, नाहीतर वाढीचं गणित चुकतं.

लॅपटॉपवरून ऐकताना गाणं एकदम जुन्या टेलिफोनवरून येतंय असं झालं, तर मागे एखादी मीटिंग किंवा माइक वापरणारं ॲप उघडं असतं आणि जोडणी फोनच्या बोलण्याच्या पद्धतीवर गेलेली असते. ते ॲप बंद करा. यंत्राच्या ॲपमध्ये बाहेरचे माइक किती चालू ठेवायचे याची सरकपट्टी असते, ती गाण्याच्या वेळी पूर्ण खाली आणा.

साधे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन यंत्रावरून घालता येतात आणि मला ते अनेकदा ब्लूटूथपेक्षा सरस वाटले आहेत. कप मोठे हवेत आणि यंत्राचे माइक कपाच्या आत यायला हवेत. शिट्टी आली तर कप किंचित पुढे सरकवा.

स्वतः गाताना किंवा वाजवताना

मोल्ड किंवा बंद डोम घालून गायलं की स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. यंत्र कानातच ठेवून बंद करा आणि "आ", "ई", "ऊ" या तीन स्वरांवर एकच सूर लावून बघा. यंत्र बंद असतानाही घुमत असेल, आणि आकारापेक्षा ईकार-ऊकाराला जास्त घुमत असेल, तर कान बंद झाल्यानं हाडातून आलेला आवाज आत कोंडतोय. त्याला मोल्डमध्ये मोठं छिद्र, म्हणजे व्हेंट, हा उपाय. यंत्र चालू केल्यावरच घुमत असेल, तर खालच्या पट्ट्यातली वाढ जास्त आहे.

इथे खरी ओढाताण आहे. ऐकायला बंद डोम चांगला, गायला उघडा. दोन्ही करणाऱ्यानं दोन्ही जोड बाळगावेत.

उघड्या डोमनं वाजवताना आणखी एक प्रकार जाणवतो. यंत्राला आवाज बाहेर सोडायला बहुधा ५ ते ८ मिलिसेकंद लागतात. थेट आलेला आणि मागून आलेला आवाज मिसळून स्वतःच्या पेटीला धातूसारखा खणखणीतपणा येतो. खालच्या भागात ऐकणं चांगलं असेल तर तिथली यंत्राची वाढ कमी करून घेतली की हे बरंच निवळतं.

सभागृहात

स्पीकरच्या रांगेसमोर बसू नका, अगदी भिंतीलगतही नको. मधल्या रांगा उत्तम. एका दिशेनं ऐकणारे माइक बंद करून सगळीकडून ऐकणारे ठेवा. दिशा धरणारे माइक खालचे सूर कापतात आणि सभागृहाचा भरलेपणा घालवतात. व्यासपीठावर ठेवायचे जोडमाइक बोलण्यासाठी असतात, मैफलीला त्यांचा मोह नको. सभागृहात इंडक्शन लूप (आवाज चुंबकीय लहरींनी थेट यंत्रात पोचवणारी तारेची सोय) असेल आणि यंत्रात तो पकडणारं टेलिकॉइल असेल तर तो जरूर वापरा. आपल्याकडे अशी सभागृहं फार थोडी आहेत. रसिकांनी आयोजकांकडे त्याची मागणी करत राहायला हवी, कारण मैफलींचा मोठा श्रोतृवर्ग साठीच्या पुढचा आहे.

ऑडिओलॉजिस्टकडे जाताना

वेळ घेतानाच सांगा की फक्त गाण्याच्या प्रोग्रामसाठी यायचं आहे, म्हणजे घाईत उरकलं जात नाही. फोनमध्ये तंबोरा, एकट्या बासरीचं ध्वनिमुद्रण, तबल्यासह ख्यालाचा एखादा भाग आणि तुमच्या मंडळाचं भजन घेऊन जा. यंत्र संगणकाला जोडलेलं असताना ते तिथेच वाजवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावा. आधी नॉइज रिडक्शन, मग शिट्टी रोखणारी सोय, मग फ्रिक्वेन्सी लोअरिंग, मग माइकची दिशा, आणि सगळ्यात शेवटी वाढ: २५० ते ५०० हर्ट्झच्या भागात थोडी जास्त, वर थोडी सौम्य. सगळं एकदम बदललं तर कशानं सुधारलं ते कळत नाही. रोजच्या बोलण्याच्या प्रोग्रामला हात लावू देऊ नका, तो चांगला चालला आहे.

दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेलं नुसतं आवाज वाढवणारं साधन असेल तर यातलं बरंचसं करता येत नाही, कारण त्यात प्रोग्राम बसवायची सोयच नसते. तपासणीपासून सुरुवात करायची असेल तर मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवणाची तपासणी होते.

बदल करून घेतल्यावर पहिले काही आठवडे ओळखीचंच गाणं ऐका. एक गळा, एक तंबोरा, कमीत कमी साथ. नाट्यपद असेल तर शब्द समोर ठेवा. वाद्यमेळ आणि चित्रपटसंगीत नंतर. वर्षानुवर्षं न ऐकलेले वरचे सूर परत आले की ते आधी टोचतात. टोचणं कमी होत गेलं तर सेटिंग तसंच राहू द्या. महिन्याभरानंतरही टोचत असेल तर कोणत्या वाद्याला आणि कोणत्या जागी, हे लिहून ठेवून पुन्हा जा.

आणि गाण्याचा प्रोग्राम मनासारखा जमला की त्याची सेटिंग्ज ऑडिओलॉजिस्टच्या संगणकात तुमच्या नावानं साठवायला सांगा, त्याची छापील प्रतही घ्या. यंत्र दुरुस्तीला जाऊन परत येतं तेव्हा ते कधीकधी कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर आलेलं असतं, आणि तंबोरा पुन्हा विरायला लागतो.